गेटच्या आत गेल्यावर

संध्याकाळ कलली की परभणीतून पुण्याकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्स भरायला लागतात. डिकीत बॅगा जातात, ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा जातो. मांडीवर मात्र एक प्लास्टिकची फाइल असते. दहावीपासूनच्या मार्कशीट, आयटीआयचं किंवा इंजिनिअरिंगचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, चार पासपोर्ट फोटो, असं सगळं तिच्यात असतं. सोडायला आलेले वडील खिडकीशी उभे राहून म्हणतात, "जमलं तर ठीक, नाहीतर घर आहेच." आपल्याकडची जुनी म्हणही हेच सांगते : "बनी तो बनी, नहीं तो परभणी."

या म्हणीत माया आहे. बाहेर काहीही झालं तरी मागे आपलं गाव उभं आहे, हा धीर तिच्यात आहे. पण एक गोष्ट ती न बोलता धरून चालते : जमवून घ्यायचं ते जाणाऱ्यानं. कंपनी आहे तशीच राहणार आणि जिंतूरच्या, पालमच्या, सोनपेठच्या लेकराने तिच्या मापाचं व्हायचं. नाही झालं तर परतीची गाडी धरायची.

मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांमध्ये गेली काही दशकं 'विविधता आणि समावेशन' या नावाने जे काम चाललं आहे, ते नेमकं या समजुतीला हात घालतं. माणसाने कंपनीशी जुळवून घ्यावं, हे खरंच. पण कंपनीने माणसासाठी काय बदललं, हा प्रश्नही तितक्याच मोठ्याने विचारला पाहिजे, असं हे काम सांगतं. ते समजून घेणं परभणीसारख्या जिल्ह्याला फार गरजेचं आहे, कारण इथली हजारो मुलं-मुली रोज अशाच कंपन्यांच्या गेटांसमोर उभी असतात.

दोन शब्द, दोन कामं

हे दोन शब्द जोडीने येतात, म्हणून त्यांचा अर्थ एकच असावा असं वाटतं. तसं नाही. विविधता म्हणजे आत कोण कोण आहे. बायका किती, अपंग व्यक्ती किती, वेगवेगळ्या जाती-धर्मांची, भाषांची, प्रदेशांची माणसं किती, हे हजेरीपटावरून मोजता येतं. समावेशन म्हणजे आत आल्यावर त्यांचं काय होतं. बैठकीत त्यांना बोलू दिलं जातं का, बढतीच्या वेळी त्यांचं नाव निघतं का, चूक झाली तर ती त्या एकट्याची धरतात की त्याच्या सगळ्या समाजाची. हे हजेरीपटावर दिसत नाही.

आपल्या गावांनी पंगती पाहिल्या आहेत. निमंत्रण सगळ्या गावाला, पण काहींची पानं लांब, वेगळी मांडलेली. वाढपी तिथवर पोचेपर्यंत भांडं रिकामं. अशा पंगतीत किती पानं उठली हे मोजून कोणाचं पोट भरलं ते कळत नाही. कंपनीचंही तसंच आहे.

एका पोस्टकार्डापासून एका लाइनीपर्यंत

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात सांगायची तर 1974 सालच्या एका पोस्टकार्डापासून सांगावी लागते. टाटांच्या टेल्को कंपनीने अभियंत्यांसाठी जाहिरात दिली होती आणि महिलांनी अर्ज करू नयेत, असं तिच्यात स्पष्ट छापलं होतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी ती वाचली आणि थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावणं आलं, निवड झाली आणि त्या टेल्कोच्या पहिल्या महिला अभियंता ठरल्या.

ही गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. पण तिच्यातून एक अवघड मुद्दाही निघतो. पोस्टकार्डाने एका हुशार, निर्भय मुलीसाठी दार उघडलं. पोस्टकार्ड न लिहू शकणाऱ्या शेकडो जणींसाठी ते कसं उघडायचं?

त्यासाठी कारखानाच बदलावा लागतो. 1948 च्या कारखाना कायद्याने बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत कामाला परवानगी दिली होती. हेतू संरक्षणाचा होता. पण तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात याचा परिणाम असा झाला की मुलगी घेतली तर पाळ्यांचं गणित बसत नाही, मग ती घ्यायचीच नाही. महाराष्ट्राने 2015 मध्ये या कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षेच्या अटींसह महिलांना रात्रपाळीची वाट मोकळी केली. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही रात्री साडेनऊनंतर काम करण्यासाठी महिलेची संमती आणि तिच्या सुरक्षेची सोय या अटी घातल्या.

टेल्कोचं नाव 2003 मध्ये टाटा मोटर्स झालं. जिच्या जाहिरातीत कधीकाळी महिलांना मज्जाव होता, त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी या गाड्या जोडणारी लाइन अलीकडच्या काळात सर्वस्वी महिला चालवू लागल्या आणि त्यांची संख्या पंधराशेच्या वर गेली. 1974 मध्ये मुलींमध्ये ही ताकद नव्हती आणि नंतर ती आली, असं काही झालेलं नाही. बदलली ती जागा. जड भाग हाताने उचलण्याऐवजी यंत्राने उचलला जाऊ लागला, पाळीच्या वेळा, बस, स्वच्छतागृहं, राहण्याची सोय यांचा विचार भरतीच्या आधी होऊ लागला.

"मुलीच मिळत नाहीत" याला उत्तर

भरती करणारे अधिकारी एक तक्रार नेहमी करतात : आम्ही घ्यायला तयार आहोत, पण लायक उमेदवारच येत नाहीत. पुण्यात याला एक उत्तर मिळालं, आणि ते एका अमेरिकन कंपनीने आणि महर्षी कर्व्यांच्या संस्थेने मिळून दिलं.

कमिन्स ही डिझेल इंजिनं बनवणारी कंपनी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस या छोट्या शहरात 1919 मध्ये सुरू झाली. तिचे प्रमुख जे. अर्विन मिलर हे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी जाहीरपणे उभे राहिलेल्या मोजक्या उद्योगपतींपैकी एक होते. 1963 च्या वॉशिंग्टनवरच्या प्रसिद्ध मोर्चाच्या उभारणीत त्यांनी मदत केली होती. ही कंपनी 1962 मध्ये किर्लोस्करांशी भागीदारी करून पुण्यात कोथरूडला आली. 1991 मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. आज ते कमिन्सच्याच नावाने ओळखलं जातं.

या संस्थेचा इतिहास लक्षात घेतला म्हणजे याचं मोल कळतं. धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि काही वर्षांत तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत हलवला. समाजाने घराच्या कोपऱ्यात ढकललेल्या बायकांना शिकवून पायावर उभं करणं, हे तिथलं काम. तीच संस्था शंभर वर्षांच्या आत मुलींना इंजिनं शिकवू लागली. कंपनीला मुली हव्या असतील तर तिने कारखान्याच्या गेटवर वाट पाहत बसू नये, शाळा-कॉलेजापर्यंत मागे चालत जावं, हा यातला धडा आहे.

परभणीच्या दृष्टीने 'मागे चालत जाणं' म्हणजे काय? गावातून तालुक्याला येणारी एसटी वेळेवर असणं, मुलींच्या वसतिगृहात जागा असणं, आयटीआयमध्ये मुलींना शिवणकामापलीकडचे ट्रेड सुचवणं. राज्य सरकारने 2024-25 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ केली. त्यातून एक मोठा अडसर दूर झाला. पुढची पायरी कंपन्यांची आहे. पुणे-मुंबईच्या ठरावीक दहा कॉलेजांतच कॅम्पस मुलाखती घ्यायच्या आणि नंतर विविधता मिळत नाही म्हणायचं, हे बरोबर नाही.

आडनाव आणि "घरी काय करतात?"

आता मुलाखतीच्या खोलीत जाऊ. इथे भेदभाव करणाऱ्याला आपण भेदभाव करतोय हे बहुतेकदा कळतही नाही. म्हणून संशोधकांनी तो उघडा पाडण्यासाठी एक साधी युक्ती वापरली. शिक्षण, अनुभव सगळं सारखं ठेवायचं, फक्त नाव बदलायचं आणि अर्ज पाठवायचे.

अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमध्ये हा प्रयोग केला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत गोऱ्यांची वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीयांची वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे 50 टक्के जास्त बोलावणी आली होती. भारतात असाच प्रयोग प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी केला. थोरात मूळचे अमरावती जिल्ह्यातले, शिक्षण औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात. म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मराठवाड्याच्या दारात आणलेल्या उच्च शिक्षणाचं ते फळ. वर्तमानपत्रांत आलेल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांच्या गटाने 4,808 अर्ज पाठवले. काहींवर उच्चवर्णीय हिंदू आडनाव, काहींवर दलित, काहींवर मुस्लिम नाव. पात्रता सारखीच. 2007 मधला त्यांचा निष्कर्ष असा की उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांशच्या आसपास होती आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांशच्या आसपास. अर्ज कोणी वाचण्याआधीच नावाने काम केलं होतं.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांच्या 25 मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दुसरी बाजू दाखवली. जात आम्ही विचारत नाही, फक्त गुणवत्ता पाहतो, असं जवळजवळ सगळेच सांगत होते. पण उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' जाणून घेणं त्यांना महत्त्वाचं वाटत होतं. वडील काय करतात, कुठे वाढलात, घरात कोण शिकलेलं आहे.

हा प्रश्न आपल्या मुलांना ओळखीचा आहे. "घरी काय करतात?" "शेती." "किती?" "दोन एकर कोरडवाहू, शिवाय आई-वडील मजुरीला जातात." विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. पण ज्याचे वडील इंजिनिअर आहेत त्याला या प्रश्नाने गुण मिळतात आणि ज्याचे वडील ऊस तोडायला जातात त्याचे न बोलता कापले जातात. खरं तर दोन एकर कोरडवाहूवर घर चालताना ज्याने शिक्षण पूर्ण केलं, त्याच्या चिकाटीची परीक्षा आणखी काय घ्यायची?

याला उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे. प्रत्येक परीक्षकाने चर्चेआधी आपले गुण स्वतंत्र लिहायचे. कामाशी संबंध नसलेला प्रश्न काढून टाकायचा. शक्य तिथे प्रत्यक्ष काम करून दाखवायला सांगायचं : हे ड्रॉइंग वाच, हा जॉब मोज, हा कोड दुरुस्त कर. आणि आतल्या माणसाच्या ओळखीने होणारी भरती मर्यादेत ठेवायची, कारण ओळखीच्या वर्तुळात बहुतेकदा आपल्यासारखीच माणसं असतात.

हत्यार माणसाच्या मापाचं

आत आल्यावर पहिली गाठ पडते ती वस्तूंशी. टेबलाची उंची, हातमोज्यांचं माप, सेफ्टी शूज, पायऱ्या, दारं. या सगळ्या गोष्टी कोणाचं तरी शरीर डोळ्यासमोर ठेवून बनलेल्या असतात आणि ते शरीर बहुधा धडधाकट, मध्यम उंचीच्या पुरुषाचं असतं.

हे परभणीला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. 1972 मध्ये स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या विद्यापीठात शेतकरी महिलांचे काबाडकष्ट कमी कसे होतील यावर अनेक वर्षं काम झालं आहे. खुरपताना, वेचताना बाईची कंबर किती वाकते, हाताला कुठे जखमा होतात, ओझं कुठे पडतं, हे पाहून तिच्या मापाची साधनं तयार करायची, असं त्या कामाचं सूत्र. बाईला हत्यार पेलत नसेल तर बाई कमी पडली असं न म्हणता हत्यार बदलायचं. कारखान्यातल्या समावेशनाचा अर्धा अर्थ याच एका वाक्यात आहे.

रॅम्पचंच घ्या. व्हीलचेअरसाठीच्या उताराचं मान्य प्रमाण एकास बारा आहे. म्हणजे एक फूट उंचीच्या ओट्यावर चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. पुष्कळ इमारतींत तीन-चार फुटांत तो उरकलेला दिसतो. त्यावर खुर्ची चढत नाही, चढलीच तर मागे घसरते. रॅम्प आहे, कागदावर टिकमार्कही आहे, पण त्या माणसाला रोज सकाळी दोन सहकाऱ्यांच्या हातांनी उचलून आत यावं लागतं. विविधता झाली, समावेशन राहिलं. त्या दोघांतलं अंतर इथे चक्क फुटांत मोजता येतं.

2016 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले आणि समान संधीचं धोरण जाहीर करणं खासगी आस्थापनांनाही बंधनकारक केलं. आपल्या जिल्ह्यातला अपंग तरुण कंपनीत अर्ज करताना ते धोरण मागू शकतो. तो त्याचा हक्क आहे.

रात्रीची बस, पाळणाघर आणि तक्रार

2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुण बीपीओ कर्मचारी महिलेची, तिला कामावर नेणाऱ्या कॅबच्या चालकानेच साथीदारासह हत्या केली. त्या घटनेनंतर कामावर नेण्या-आणण्याच्या व्यवस्थेकडे पाहण्याची नजर बदलली. चालकाची पडताळणी, गाडीचा माग, सुरक्षारक्षक आणि गाडीत शेवटी एकटी महिला उरणार नाही असा मार्ग आखणं, या गोष्टी आज चांगल्या कंपन्यांमध्ये रुळल्या आहेत. लेकीला नोकरीला पाठवणाऱ्या घराने हे विचारताना संकोचू नये.

कायद्याचे आणखी दोन आधार प्रत्येक घरात माहीत असावेत. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पगारी प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली आणि 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. दुसरा आधार लैंगिक छळाविरुद्धचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या विशाखा निकालातून आणि पुढे 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची झाली. तिची अध्यक्ष महिला असते, निम्मे तरी सदस्य महिला असतात आणि एक व्यक्ती बाहेरची असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची, चौकशी 90 दिवसांत पुरी व्हायला हवी. जिथे दहापेक्षा कमी लोक काम करतात तिथल्या महिलांसाठी, घरकाम करणाऱ्यांसाठीही, जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे.

"काय करायलास?"

परभणीचा मुलगा पुण्याच्या ऑफिसात "मी रिपोर्ट करायलो" म्हणतो आणि आजूबाजूचे हसतात. हसणं वाईट हेतूचं नसतं. पण आठवडाभरात तो गप्प होतो, महिनाभरात बैठकीत बोलणं टाळतो आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात त्याच्या नावापुढे 'संवादकौशल्य कमी' असा शेरा येतो. त्याची बोली दख्खनी आणि मराठीच्या शेजारातून, शेकडो वर्षांच्या एकत्र राहण्यातून घडलेली आहे. ती हसण्यावारी नेल्याने गेलं काय, तर एक माणूस आणि त्याच्याजवळची माहिती.

अशी माहिती गमावणं कंपनीलाच महागात पडतं. 2018 मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या नामांकित कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्याही आत होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती 34 टक्क्यांच्या वर गेली. बनवणाऱ्यांच्या टेबलाशी आणि त्यांनी वापरलेल्या छायाचित्रांत अशा स्त्रिया पुरेशा नसल्या की असं होतं. कापसाचं बियाणं, ट्रॅक्टर, मोबाइलवरचं कर्जाचं अॅप, यांतलं काहीही ग्रामीण भारतासाठी बनवायचं असेल तर ते वापरणाऱ्या घरातलं कोणीतरी त्या टेबलाशी असलंच पाहिजे.

परदेशी नोकरीला जाणाऱ्या आपल्या माणसांबरोबर जातही समुद्र ओलांडते. म्हणूनच अॅपलसारख्या कंपनीने आपल्या आचारसंहितेत जातीय भेदभावाला नाव घेऊन मनाई केली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सिअॅटल शहराने कायद्यानेच त्यावर बंदी घातली. जे शब्द इथल्या जातिविरोधी चळवळीने घडवले, ते तिकडच्या कंपन्यांना शिकावे लागले.

वारं फिरलं तर?

अमेरिकेत मात्र अलीकडे वारं उलटं वाहू लागलं आहे. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली आणि 2025 च्या सुरुवातीपासून सरकारनेच विविधतेच्या कार्यक्रमांना विरोध सुरू केला. अनेक मोठ्या कंपन्यांनी आपले कार्यक्रम आवरते घेतले. त्यांच्या पुण्या-बंगळुरूच्या कार्यालयांतही त्याचे पडसाद उमटतील. पण अंतर्गत समिती, पाळणाघर, अपंगांचे हक्क ही भारतीय कायद्याची देणगी आहे. मुख्यालयात फलक उतरला म्हणून ती इथे रद्द होत नाही. आणि तेराव्या-चौदाव्या शतकात गंगाखेडच्या जनाबाईला संतांच्या मेळ्यात जागा देणाऱ्या मातीला समतेचा विचार परदेशातून आयात करावा लागलेला नाही. तो अमलात आणायचा तेवढा उरला आहे.

म्हणून पुढच्या वेळी कृषी विद्यापीठात, अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा आयटीआयमध्ये एखादी कंपनी भरतीला येईल, तेव्हा पगाराबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात. रात्रपाळीची बस राहत्या जागेपर्यंत येते का? अंतर्गत समितीत कोण आहे, त्यांची नावं कुठे लावली आहेत? गेल्या पाच वर्षांत आमच्यासारख्या भागातून घेतलेल्यांपैकी किती जण टिकले आणि किती जणांना बढती मिळाली? जे सोडून गेले, त्यांना तुम्ही कारण विचारलंत का? ज्या कंपनीकडे शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं तयार असतील, तिथे लेकरू बिनधास्त पाठवावं.

ट्रॅव्हल्स सुटताना वडिलांनी "नाहीतर घर आहेच" म्हणावं, ते म्हणायलाच हवं. पण परतीच्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला "तुझ्याकडून जमलं नाही" असं ऐकवण्याआधी, तिकडे गेटच्या आत त्याच्यासाठी काय हललं होतं, हे एकदा त्या कंपनीला विचारू या. परभणीला यावं ते पोळ्याला, दिवाळीला, आईच्या हातची भाकरी खायला.